हा पिस्टन कोणाचा?

नागपूर-तुळजापूर महामार्गावरच्या महागावसारख्या गावात जुन्या गॅरेजमागे भंगाराचा ढीग असतोच. त्यातून काजळीने काळा पडलेला एखादा पिस्टन हाती लागतो. तो पेट्रोल जीपचा, अॅम्बेसेडरचा की कुर्ल्याच्या प्रीमियर पद्मिनीचा? जुनी गाडी पुन्हा उभी करू पाहणारा माणूस आधी इथेच अडतो.

व्हर्नियरने बरेचसे उत्तर मिळते. पद्मिनीचा बोअर ६८ मिलिमीटर, अॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचा ७३, विलीज जीपच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा ७९ च्या थोडा वर. पण पिस्टन पुरता गोल नसतो आणि माथ्याशी किंचित निमुळता असतो. म्हणून माप खाली स्कर्टवर, गजन पिनच्या काटकोनात घ्यायचे. ते अर्धा-पाऊण मिलिमीटर जास्त भरले तरी गोंधळू नये. इंची मापाच्या पिस्टनचा माथा पुसला की ०२० किंवा ०३० असा ठोकलेला आकडा बहुधा दिसतो. हे इंजिन एकदा झिजले, वीस-तीस थाऊ (इंचाचे हजारांश) बोअर करून घेतले आणि पुन्हा कामाला लागले, हा त्याचा अर्थ. आयुष्यभराच्या राबण्याची एवढीच नोंद त्या लोखंडी संसारात उरलेली असते. ती वाचता येणारा मिस्त्री मला पंडिताइतकाच मोठा वाटतो.

विलीजमध्येही दोन प्रकार आहेत. आधीच्या ‘गो-डेव्हिल’ इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये; नंतरच्या ‘हरिकेन’मध्ये इनटेक वर हेडमध्ये, एक्झॉस्ट खालीच. बोअर मात्र दोन्हींचा एकच. तिथे व्हर्नियर गप्प बसतो, हेडच पाहावे लागते.

ब्लॉकवरच्या उठावाच्या आकड्यावरही सगळा भरवसा टाकू नये. तो साच्याचा आकडा. एकाच साच्यातून निघालेल्या दोन ओतिवांना पुढे मशीनवर वेगवेगळी भोके पाडलेली असू शकतात. आकडा जुळला तरी गॅस्केट ठेवून भोके ताडून बघावीत.

सर्वांत जपायची ती कनेक्टिंग रॉड आणि तिची कॅप. दोन्ही एकत्र बोल्ट करूनच त्यांचा गोल कातलेला असतो, म्हणून एकीची कॅप दुसरीला चालत नाही. बसते खरी, पण गोल बिघडतो आणि बेअरिंग धरते. बाजूला दोन्हींवर सिलिंडरचा आकडा ठोकलेला असतो; डिझेलने धुऊन, तिरप्या उजेडात धरला की तो उमटतो. ढिगातून अशी जोडी सापडली की दुसरे काही शोधण्याआधी तिचे बोल्ट लावून टाकावेत आणि तारेने चिठ्ठी बांधावी: कोणत्या गाडीची, कितव्या सिलिंडरची, कोणत्या मिस्त्रीने ओळखली.