मागावरच पुरं होणारं कापड

वैनगंगेकाठची पवनी रेशीमकाठी धोतरांसाठी आणि बारीक सुताच्या विणीसाठी नावाजलेली होती. इथल्या कोष्ट्याच्या मागावरून उतरणारं कापड उतरतानाच पुरं असे. लांबी-रुंदी ठरलेली, काठ विणलेले. कात्री लागत नसे, शिंपीही लागत नसे. धोतर, लुगडं, पागोटं सगळ्यांचं तेच. आपल्या विदर्भातला करवती काठ पाहा. काठाचा आणि अंगाचा बाणा वेगळा, म्हणून तीन धोटे चालतात आणि प्रत्येक फेरीला दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकवून करवतीचे दाते उमटवावे लागतात.

मँचेस्टरच्या कापडगिरण्यांना हे दिसत नव्हतं. कापड म्हणजे कापून शिवायची वस्तू, ही तिथल्या माणसाची सवय, आणि साऱ्या जगाची रीत तीच असं त्यानं गृहीत धरलं होतं. 1866 मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी त्याला याची जाणीव करून दिली. हिंदुस्थानी कापडाचे 700 खरे नमुने 18 खंडांत चिकटवून त्यांनी असे 20 संच केले. त्यातले 13 ब्रिटनमध्ये राहिले. इथला माणूस काय नेसतो, ते कसं नेसतो, हे आधी पाहा, असं त्यांचं सांगणं होतं.

आपलंच खरं मानणारा व्यापारी परक्या बाजारात फसतो, हे आता व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवलं जातं. केलॉग्ज 1994 मध्ये आपल्याकडे आली ती थंड दुधाची न्याहारी घेऊन. आपण दूध गरम करून ओतलं आणि कुरकुरीत मक्याच्या पोह्यांचा लगदा झाला. कंपनीचं नुकसान झालं, पुढे तिनं धोरण बदललं. इथपर्यंतचा धडा सोपा आहे.

मला त्यापुढचं अधिक बोचतं. वॉटसन यांनी बारकाईनं, कौतुकानं पाहिलं. पण ते पाहणं विलायती गिरण्यांचा माल इथे खपावा यासाठी होतं. दुसऱ्याची आवडनिवड जाणून घेतली म्हणजे त्याला बरोबरीचा मानलं, असं होत नाही. गाव, माप, वजन, किंमत यांची नोंद झाली, विणकराची झाली नाही. अहंकार गेला नव्हता. तो फक्त हुशार झाला होता.

याच पवनीत 1969-70 च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मीत कोरलेली आहेत. नाव नोंदवून ठेवायचं हे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाला सुचलं, ते आज हे कापड परदेशी पाठवणाऱ्या निर्यातदाराला अवघड का जावं? आणि दोष निर्यातदारालाच कशाला द्यायचा? मुंबई-पुण्याच्या दुकानांतही करवतकाठीची किंमत आपण विचारतो, विणणाऱ्याचं नाव विचारत नाही. पुढच्या वेळी ते विचारा, आणि दुकानदाराला सांगता आलं नाही तर लिहून ठेवायला सांगा.