पाण्याखालचा तांबडा रंग: एक प्रमाणविचार

समुद्राच्या पृष्ठभागाखाली दहा-पंधरा मीटरांवर तांबडे प्रवाळ तांबडे दिसत नाही; ते काळपट तपकिरी दिसते, आणि त्याच्याभोवतीचे सारे दृश्य निळ्या किंवा हिरव्या छटेत बुडालेले असते. याचे भौतिक कारण वादातीत आहे. पाणी प्रकाशाच्या वर्णपंक्तीतील तांबडा भाग सर्वांत आधी शोषून घेते, त्यानंतर नारिंगी आणि पिवळा, आणि स्वच्छ समुद्रात निळा भाग सर्वांत खोलवर पोहोचतो. हे शोषण केवळ खोलीवर नव्हे, तर प्रकाशाने पाण्यातून केलेल्या एकूण प्रवासावर अवलंबून असते, म्हणून १० मीटर खोलीवरची वस्तू २ मीटरांवरून चित्रित केली, तर कॅमेऱ्यात शिरणारा सूर्यप्रकाश किमान १२ मीटर पाणी कापून आलेला असतो. त्याच प्रवाळापासून अर्ध्या मीटरावर दिवा आणि कॅमेरा धरले, की प्रकाशाला जाऊन-येऊन जेमतेम एक मीटर पाणी लागते आणि प्रवाळ लालभडक दिसू लागते. एकाच वस्तूची एकाच जागी मिळणारी ही दोन दर्शने परस्परांशी जुळत नाहीत, आणि त्यांतले कोणते खरे, हा प्रश्न पाण्याखालील चित्रीकरणासाठी छोटा कॅमेरा, दिवे आणि फिल्टर निवडणाऱ्या प्रत्येकापुढे येतो. दुकानात तो किमतीचा आणि सोयीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. मुळात मात्र तो प्रमाणाचा, म्हणजे यथार्थ ज्ञान देणाऱ्या साधनाचा प्रश्न आहे.

न्याय-वैशेषिक परंपरेने रंगाला, तिच्या परिभाषेत ‘रूपा’ला, द्रव्याचा गुण मानले: रूप वस्तूत असते, पाहणाऱ्याच्या मनात नव्हे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतला शेवटचा ‘चित्र’, म्हणजे अनेक रंगांनी मिळून झालेले पण स्वतंत्र मानलेले रूप, प्रवाळाची भिंत पाहिलेल्या कोणालाही सहज पटण्यासारखा आहे. डोळ्याने प्रत्यक्ष ज्ञान होण्यासाठी मात्र वस्तूत रूप असणे एवढेच पुरत नाही. ते उद्भूत, म्हणजे इंद्रियाला जाणवेल इतके प्रकट असावे लागते, वस्तूला आकारमान असावे लागते आणि तिच्याशी प्रकाशाचा संयोग व्हावा लागतो. प्रकाश हे येथे सहकारी कारण आहे: तो रूप निर्माण करत नाही, असलेले रूप दिसण्याची अट तेवढी पुरी करतो. या भूमिकेतून पाहता पाण्याखाली नेलेला दिवा निर्दोष ठरतो, कारण प्रवाळाचा तांबडेपणा त्याने रंगवलेला नाही. तांबडा प्रकाश परतवण्याची प्रवाळाची क्षमता आधीपासून होतीच, परतवण्याजोगा प्रकाश तिथवर पोहोचत नव्हता, आणि तेवढीच उणीव दिव्याने भरून काढली. पाण्याखालच्या पहिल्या रंगीत छायाचित्राची कथाही हेच सांगते. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळच्या समुद्रात मत्स्यतज्ज्ञ विल्यम लाँगली आणि नॅशनल जिऑग्राफिकचे छायाचित्रकार चार्ल्स मार्टिन यांनी एका माशाचे चित्र ऑटोक्रोम काचेवर टिपले, तेव्हा त्या मंद संवेदनेच्या काचेला पुरेल एवढ्या प्रकाशासाठी त्यांना तराफ्यावर मॅग्नेशियमच्या भुकटीचा भडका उडवावा लागला होता. म्हणजे समुद्रातला रंग पहिल्यांदा नोंदला गेला तोच वरून आणलेल्या प्रकाशाच्या बळावर.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. अंधाऱ्या खोलीत दिवा लावणे आणि समुद्रात दिवा लावणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत, कारण खोलीत प्रकाश नसतो, समुद्रात तो असतो; तो फक्त वेगळा असतो. तिथल्या निळ्या प्रकाशाला ‘उणा’ आणि पृष्ठभागावरच्या उन्हाला ‘पुरा’ ठरवण्याचा अधिकार जमिनीवर राहणाऱ्या माणसाला कोणी दिला? अनेक निशाचर मासे तांबडे असतात ते नेमके या कारणाने, की जिथे तांबडा प्रकाश पोहोचत नाही तिथे तांबडे अंग काळोखात मिसळून जाते आणि शिकाऱ्याला सापडत नाही. दिव्याच्या झोतात झळाळणारा तांबडा मासा हा त्या माशाच्या जगण्यातला मासा नव्हे. त्याचे जगणेच तो रंग न दिसण्यावर उभे आहे. याच्या उलट टोकाला खोल समुद्रातला मॅलाकॉस्टियस हा मासा आहे, जो स्वतःच्या शरीरातून तांबडा प्रकाश सोडतो आणि तो पाहूही शकतो, त्यामुळे इतरांना न दिसणाऱ्या उजेडात तो भक्ष्य शोधतो. दिवा बरोबर घेऊन फिरण्याची युक्ती निसर्गाला परकी नाही, एवढे तरी या उदाहरणावरून म्हणता येते. तरीही मूळ आक्षेप पुरता मिटत नाही. दिवा वस्तूचा रंग सांगतो, स्थळाचा रंग पुसतो, आणि स्थळाचा रंग हीसुद्धा एक वस्तुस्थितीच आहे.

त्या स्थळाच्या रंगाविषयीचा विचार भारतीय ग्रंथांत अनपेक्षितपणे सापडतो. वैशेषिक मताप्रमाणे पाण्याचे रूप शुक्ल, म्हणजे पांढरे, पण न चमकणारे आहे; मग कालिंदीचे, म्हणजे यमुनेचे, पाणी निळे-काळे का दिसते, अशी शंका न्यायसिद्धान्तमुक्तावलीत उपस्थित केली आहे. तिचे उत्तर असे, की तो निळेपणा पाण्याचा नसून औपाधिक आहे. स्वतःजवळचा धर्म दुसऱ्या वस्तूवर भासवणाऱ्या गोष्टीला उपाधी म्हणतात, जसे जास्वंदीच्या फुलाशेजारी ठेवलेला स्फटिक लाल भासतो. पुरावा म्हणून हेच पाणी हवेत उडवले असता पांढरे दिसते, याकडे ग्रंथकार लक्ष वेधतो. या युक्तिवादाचे महत्त्व त्याच्या निष्कर्षापेक्षा पद्धतीत आहे: एक परिस्थिती बदलून पाहायची आणि त्याबरोबर कोणता गुण नाहीसा होतो ते तपासायचे. निष्कर्ष मात्र अपुरा होता, कारण पाणी उडवताना केवळ त्याचा आश्रय, म्हणजे ते जिथे आहे ती जागा, बदलत नाही, प्रकाशाच्या वाटेतली पाण्याची जाडीही घटते, आणि पाण्याचा स्वतःचा अत्यंत फिकट निळेपणा मोठ्या जाडीशिवाय जाणवतच नाही. समुद्राचा निळा रंग हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब आहे, म्हणजे एका अर्थी उपाधीच आहे, असे लॉर्ड रॅली यांच्यासारख्या थोर वैज्ञानिकाचेही मत होते. १९२१ मध्ये युरोपातून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी ‘नारकुंडा’ या जहाजावरून निकोल प्रिझममधून समुद्राकडे पाहिले. हा प्रिझम विशिष्ट कोनात परावर्तित झालेला प्रकाश अडवतो. आकाशाचे प्रतिबिंब अशा रीतीने वगळल्यावर निळेपणा कमी होण्याऐवजी अधिक गडद दिसला. पाण्याचे रेणू प्रकाशाचे विकिरण करतात, म्हणजे तो इतस्ततः विखुरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्याविषयीचे टिपण मुंबई बंदरातून ‘नेचर’ या नियतकालिकाकडे पाठवले; पाण्याकडून होणारे तांबड्याचे शोषणही या रंगाला कारण आहे, हे आज मान्य आहे. येथे एका फिल्टरने, काहीही न रंगवता, केवळ काही प्रकाश वगळून, सत्य अधिक स्पष्ट केले.

पाण्याखालच्या कॅमेऱ्यावर बसणारा लाल फिल्टर हेही वगळण्याचेच साधन आहे. तो चित्रात तांबडा रंग ओततो, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. तो निळा-हिरवा प्रकाश अडवतो, त्यामुळे कॅमेरा अधिक उघडून चित्रण करता येते आणि शिल्लक राहिलेल्या क्षीण तांबड्या प्रकाशाला नोंद होण्याइतके स्थान मिळते. निळ्या पाण्यात लाल आणि हिरव्या पाण्यात किरमिजी फिल्टर वापरतात तेही याच न्यायाने, कारण किरमिजी काच हिरवा भाग अडवते. मर्यादा उघड आहे: जे शिल्लकच नाही ते कोणत्याही वगळण्याने प्रकट होणार नाही. साधारण ५ ते २० मीटरांच्या पट्ट्यात, स्वच्छ पाण्यात, ऊन पाठीशी असताना फिल्टर काम देतो. त्याखाली तो उरलासुरला प्रकाशही खातो आणि लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात कणकण दिसणारे गढूळ चित्र हाती येते. दिवा आणि लाल फिल्टर एकत्र वापरले तर जवळची वस्तू अवास्तव लाल होते.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याला ‘यास पांढरे समज’ असे सांगण्याची क्रिया, तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने या सर्वांहून रोचक आहे, आणि कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलपेक्षा ती सोय आधी पाहावी. पाणबुड्या पांढरी किंवा करडी पाटी कॅमेऱ्यापुढे धरतो, कॅमेरा तिच्यावरून बाकीचे रंग मोजतो, आणि खोली बदलली की हा विधी पुन्हा करावा लागतो. पण पाटी पांढरी आहे हे कॅमेऱ्याला कशावरून कळले? ते त्याला सांगितले गेले. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने विग्रहव्यावर्तनी या ग्रंथात नेमका हाच प्रश्न विचारला: प्रमाणांनी वस्तू सिद्ध होत असतील, तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात? न्यायसूत्रांत दिव्याच्या प्रकाशाचा दृष्टान्त आहे, ज्याच्या आधारे दिवा इतरांना प्रकाशित करतो तसा स्वतःलाही करतो, असे म्हणता येते. नागार्जुनाला हे मान्य नाही, कारण प्रकाशित होण्यापूर्वी दिवा अंधारात होता असे कधी घडतच नाही. व्हिडिओ दिवा विकत घेणाऱ्यालाही हा वाद टळत नाही. दिव्याच्या वेष्टनावर ५६०० केल्विन रंग-तापमान छापलेले असते, म्हणजे त्याचा शुभ्रपणा दुपारच्या उन्हाशी जुळवलेला असतो, आणि वस्तूंचे रंग तो किती नेमके दाखवतो याचा निर्देशांकही कधी दिलेला असतो, जो ९०च्या वर असलेला बरा. परंतु या दोन्ही आकड्यांचा आधार शेवटी भूपृष्ठावरचे ऊन हाच आहे. दिवा स्वतःचे प्रमाण स्वतः देत नाही. तो ते उन्हाकडून उसने आणतो. हे उसनेपण मान्य करण्यात कमीपणा नाही, फक्त ते विसरले जाऊ नये.

संगणकावर रंग चढवताना त्याचा विसर सर्वाधिक पडतो. प्रभाकर मीमांसकांच्या अख्याति मतानुसार भ्रम म्हणजे चुकीचे दर्शन नव्हे, तर आता पाहिलेले आणि पूर्वीचे आठवलेले यांतला भेद लक्षात न येणे होय. शिंपली पाहणारा चांदी आठवतो आणि दोन्ही एकच समजतो. संकलनाच्या वेळी तांबड्याची पट्टी वर सरकवणारा माणूस पडद्यावरचे राखी प्रवाळ पाहत असतो आणि दुसऱ्या कोणत्या तरी चित्रपटातले लाल प्रवाळ आठवत असतो. याहून वेगळा मार्ग २०१९ मध्ये देर्या अक्कायनाक आणि ताली ट्रेबिट्झ यांनी ‘सी-थ्रू’ या पद्धतीने दाखवला: अनेक चित्रांवरून प्रत्येक बिंदूचे कॅमेऱ्यापासूनचे अंतर काढायचे, त्या अंतरात पाण्याने किती प्रकाश शोषला आणि किती विखुरून भर घातली हे गणिताने ठरवायचे, आणि तेवढाच परिणाम चित्रातून वजा करायचा. हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. परंतु ते सहेतुक, तपासता येणारे अनुमान आहे, आणि पट्टी सरकवणे यांपैकी काहीच नाही.

शेवटी चित्रफीत प्रेक्षकापर्यंत पोहोचते तेव्हा ती प्रेक्षकासाठी ना प्रत्यक्ष राहते ना अनुमान. ती शब्दप्रमाण होते, म्हणजे कोणाच्या तरी सांगण्यावर विसंबून मिळालेले ज्ञान, आणि असे ज्ञान सांगणारा आप्त, म्हणजे जाणकार आणि सत्य सांगू इच्छिणारा, असेल तरच प्रमाण ठरते. म्हणून दोष दिव्यात नाही, फिल्टरमध्ये नाही, तर दिव्याने मिळालेला रंग ‘येथे असे दिसते’ या शब्दांत सादर करण्यात आहे. खोली, प्रकाश आणि फिल्टर यांचा उल्लेख चित्रफितीत एका ओळीत करता येतो, आणि त्याच दृश्याचा काही सेकंदांचा निळा, न सुधारलेला भाग ठेवल्यास प्रेक्षकाला दोन्ही सत्ये मिळतात. दिव्याच्या बाबतीत आणखी एक जबाबदारी आहे, जी ज्ञानाची नसून आचाराची आहे: रात्री झोतात उघडे पडलेले लहान मासे मोठे मासे टिपतात, आणि तेव्हा पाहणारा केवळ पाहणारा राहत नाही.

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर किंवा गोव्याच्या ग्रांदे बेटापाशी पाणी बहुधा हिरवट असते, त्यात तरंगणारे कण पुष्कळ असतात आणि ते कॅमेऱ्यालगतच्या दिव्याच्या उजेडात बर्फासारखे चमकून चित्र बिघडवतात. लक्षद्वीप किंवा अंदमानच्या निळ्या पाण्यातली सामग्री येथे जशीच्या तशी चालत नाही. येथे चित्रीकरण करणाऱ्याकडे एकाच वस्तूपुरते पैसे असतील, तर त्याने किरमिजी फिल्टरऐवजी रुंद झोताचा एक चांगला दिवा घ्यावा, तो कॅमेऱ्याला न चिकटवता लांब दांडीवर बाजूला धरावा, आणि हातभर अंतराच्या पलीकडचे जे असेल ते हिरवे दिसते तसेच हिरवे राहू द्यावे.