सहकार आणि साहाय्य

‘सहकार’ हा शब्द मराठी माणसाने गेल्या शतकात इतक्या आदराने वापरला, की तो मुळातच नैतिक आहे असे आपण गृहीत धरले. सागरी सस्तन प्राण्यांची शिकार पाहिली, की हे गृहीतक डळमळू लागते. अंटार्क्टिकच्या समुद्रात ऑर्का एका ओळीत पोहत येतात, हिमखंडाजवळ एकदमच बुडी मारतात आणि त्यातून उठलेली लाट हिमखंडावरील सीलला पाण्यात लोटते. सहकाराचे याहून निर्दोष रूप कल्पिणे कठीण. सीलच्या दृष्टीने मात्र तो निव्वळ कट आहे.

केरळातील अष्टमुडी सरोवरात या सहकारात माणूसही सामील होतो. डॉल्फिन मासे उथळ पाण्याकडे रेटतात, कोळी नेमक्या वेळी पाग फेकतात आणि बिथरून पांगलेले मासे डॉल्फिनच्या तोंडी पडतात. ब्राझीलमधील लागुना येथे बोईट माशांसाठी अशीच भागीदारी शंभराहून अधिक वर्षे चालत आली आहे. तीत दोन्ही पक्षांचा लाभ होतो, हे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. परंतु लाभ आहे तोवरच हे सख्य. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जाळे फाडून मासे नेणारा डॉल्फिन कोळ्याला वैरीच वाटतो.

मग नीतीचा आरंभ कोठे होतो? ८ जुलै १९८८ रोजी बंगळूरहून के. आर. पुरममार्गे कन्याकुमारीस जाणाऱ्या आयलंड एक्सप्रेसचे डबे पेरुमण येथील पुलावरून याच अष्टमुडी सरोवरात कोसळले. शंभराहून अधिक माणसे दगावली. काठावरचे कोळी आणि गावकरी तेव्हा मदतीला धावले. बुडणाऱ्यांशी त्यांचा कसलाही करार नव्हता, आणि वाटून घेण्यासारखे त्या पाण्यात काही नव्हते.

हा मोठेपणा केवळ माणसाचाच, असे म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. आजारी सोबत्याला श्वास घेता यावा म्हणून डॉल्फिन त्याला पृष्ठभागावर उचलून धरतात, हेही निरीक्षकांनी नोंदविले आहे. शिकारीतील शिस्त आणि ही करुणा एकाच प्राण्यात नांदतात, तशाच त्या आपल्यातही नांदतात. म्हणून कोणत्याही सहकाराचे मोल ठरविताना त्यातील एकजुटीने दिपून जाऊ नये. ज्याचा वाटा नाही, त्याच्याशी ही मंडळी कशी वागतात, एवढेच विचारावे. के. आर. पुरमच्या फलाटावर कन्याकुमारीची गाडी येते तेव्हा मला आठवतात, ते पाग खाली ठेवून धावलेले ते हात.