मूल आधी कोणाला सांगतं?

आठवीतल्या मुलीला काही सांगायचं असतं तेव्हा ती मुख्याध्यापकांच्या केबिनकडे जात नाही. केबिनबाहेर शिपाई बसलेले असतात, ते "काय काम आहे?" असं विचारतात, आणि नेमकं तेच तिला सांगता येत नसतं. ती बाकावरच्या मैत्रिणीला सांगते. कधी पी.टी.च्या सरांना, कधी ग्रंथालयातल्या बाईंना, कधी मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळाशी उभ्या असणाऱ्या मावशींना. सांगते तेही सरळ नाही. "मला त्या क्लासला जायचं नाही." "आज व्हॅननं नको, मी चालत जाते." "बाई, तुम्ही घरी फोन करणार नाही ना?" एवढं बोलून ती थांबते आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघते. शाळा सुरक्षित आहे की नाही, याचा निकाल माझ्या मते तिथे लागतो. कॅमेरे, समित्या, परिपत्रकं लागतातच, पण ती त्याच्या पुढे-मागे कामाला येतात. म्हणून या एकाच गोष्टीपाशी जरा थांबू या: मूल आधी कोणाला सांगतं, आणि ज्याला सांगितलं त्याने पुढे काय करायचं.

याचं एक मोठं उदाहरण मुंबईतच घडलेलं आहे. घाटकोपरपासून फार लांब नसलेल्या देवनारला, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, 1990च्या दशकात जेरू बिलिमोरिया शिकवत होत्या. स्टेशनांवर आणि रात्रनिवाऱ्यांत राहणाऱ्या मुलांशी त्यांचा संबंध येई. अडचण आली की ती मुलं त्यांना फोन करत, रात्री-अपरात्रीसुद्धा. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था शहरात होत्या, सरकारी खाती होती. पण मुलांनी निवडली ती ओळखीची बाई, जिचा नंबर त्यांच्याकडे होता आणि जी फोन उचलत होती. या अनुभवातून 1996 साली चाइल्डलाइन उभी राहिली. नंबर ठरला 1098. दहा, नऊ, आठ असा उलटा मोजत जायचा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या मुलालाही तो पाठ होतो. पुढे तो देशभर गेला, आणि 2023पासून केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या देखरेखीखाली, 112 या आणीबाणीच्या क्रमांकाशी जोडून तो चालवला जातो. या गोष्टीतला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी मुलांनी माणूस निवडला, व्यवस्था त्या माणसाच्या मागून आली. शाळांमध्ये आपण बहुतेक वेळा उलटं करतो. आधी समिती नेमतो, फलक लावतो, आणि मुलांनी त्या फलकावरच्या नावांकडे जावं अशी अपेक्षा धरतो.

लहान मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 'पोक्सो' कायदा 14 नोव्हेंबर 2012 रोजी अमलात आला. त्याच्या कलम 19 मधली एक तरतूद शाळांमध्ये पुरेशी समजावून दिली जात नाही. असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळेल, त्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलं पाहिजे, असं तिथे म्हटलं आहे. कायद्याने 'मुख्याध्यापक' म्हटलेलं नाही, 'वर्गशिक्षक' म्हटलेलं नाही. कोणतीही व्यक्ती. म्हणजे मावशी, क्लार्क, व्हॅनवाले काका, संगणकाच्या तासाला कंत्राटावर येणारे तरुण सर, सगळे. न कळवल्यास कलम 21 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. शिक्षेच्या भीतीपेक्षा मला या तरतुदीचं शहाणपण मोठं वाटतं. मूल कोणाला निवडेल हे कोणालाच आधी ठरवता येत नाही, म्हणून जबाबदारी सगळ्यांवर टाकलेली आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षणही आहे. आता प्रश्न असा, की पोक्सोचं प्रशिक्षण होतं तेव्हा मावशींना त्या खोलीत बसवतात का? बहुतेक ठिकाणी त्या चहाचे कप घेऊन येतात आणि परत जातात.

समुपदेशकांचं काय, असं कोणी विचारेल. त्यांची गरज आहेच. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांत 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक असावा असं सांगितलं आहे. या निकालामागची परिस्थिती गंभीर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022च्या अहवालात देशात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदलेल्या आहेत, आणि राज्यांमध्ये सर्वांत जास्त, 1,764, महाराष्ट्रातल्या आहेत. त्यामुळे समुपदेशक हवा, आजच हवा. पण जरा हिशेब करून पाहा. बोरिवली किंवा मुलुंडच्या एखाद्या मोठ्या शाळेत दोन्ही अधिवेशनं मिळून दोन हजार मुलं आहेत असं धरू. समुपदेशकाने रोज पाच तास, वर्षाचे 200 दिवस, फक्त मुलांशीच बोलायचं ठरवलं, तरी एका मुलाच्या वाट्याला वर्षातून अर्धा तास येतो. त्या अर्ध्या तासात अनोळखी माणसासमोर कोणतं मूल मन मोकळं करेल? समुपदेशकाची खरी जागा दुसऱ्या टप्प्यावर आहे. मुलाने ज्याला आधी निवडलं, त्या सरांनी किंवा मावशींनी मुलाचा हात धरून त्यांच्यापर्यंत आणायचं, आणि नेमकं काय करायचं हे त्या सरांना समुपदेशकाने सांगायचं. काही शाळांत समुपदेशकांना बदली तासाला वर्गावर पाठवतात, निकालपत्रं भरायला बसवतात. हे बंद झालं पाहिजे.

उपनगरातल्या मुलाचा दिवस डोळ्यांसमोर आणला की शाळेतल्या मोठ्या माणसांचं महत्त्व आणखी कळतं. अंधेरीत राहणारे आई-वडील सकाळी आठची लोकल किंवा मेट्रो पकडतात आणि रात्री आठच्या पुढे घरी येतात. मूल शाळेतून क्लासला, क्लासमधून घरी. घर दोन खोल्यांचं, त्यात आजी, धाकटा भाऊ, टीव्ही. एकांतात बोलायला जागा नाही, आणि कित्येक घरांत फोनही सगळ्यांत एकच, त्यामुळे 1098 माहीत असूनही तो कुठून लावायचा हा प्रश्न उरतो. मोठ्या माणसांच्या सोबतीचे त्याच्या दिवसातले सलग तास शाळेतच असतात. म्हणून शाळेच्या आवाराबाहेर, घरात, नात्यात, व्हॅनमध्ये, फोनच्या पडद्यावर जे घडतं, तेही पहिल्यांदा शाळेत उमटतं. केंद्र सरकारने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या बाल-अत्याचाराच्या अभ्यासात 13 राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलणं झालं होतं. निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, छळणारे मोठ्या प्रमाणात ओळखीचे होते, आणि बहुतेक मुलांनी ते कोणालाच सांगितलेलं नव्हतं. शिवाय सोसणाऱ्यांमध्ये मुलग्यांचं प्रमाण मुलींपेक्षा थोडं जास्तच निघालं. ही शेवटची गोष्ट आपण सोयीने विसरतो. महाराष्ट्रात 10 मार्च 2022च्या शासन निर्णयाने शाळाशाळांतून 'सखी सावित्री' समित्या स्थापायला सांगितलं, ते फार चांगलं झालं. पण नववीतल्या मुलग्याला ती समिती आपल्याही कामाची आहे असं वाटेल, यासाठी शाळेने मुद्दाम काही करावं लागेल. 'तू मुलगा आहेस ना' हे वाक्य ऐकत वाढलेला मुलगा मुलीपेक्षाही उशिरा बोलतो. पोक्सो कायदा मात्र मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, 18 वर्षांखालचं प्रत्येक मूल त्यात येतं.

आता ऐकणाऱ्याकडे येऊ. मुलाने अर्धं वाक्य टाकलं आणि तो थांबला. सरांना वेळ नाही, पुढच्या तासाची घंटा झालेली, वर्गात साठ मुलं. तरी त्या वेळी एवढं म्हणता येतं: "बरं केलंस सांगितलंस. सुट्टीत ग्रंथालयात ये, मी तिथे आहे." आणि मग सुट्टीत खरोखरच तिथे असायचं. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही, आणि मोडलं की मुलाचा मोठ्यांवरचा उरलेला विश्वासही जातो. त्याऐवजी, कोणाला सांगावं लागेल आणि का, हे त्याला आधीच सांगायचं. खोदून प्रश्न विचारायचे नाहीत. कधी, कुठे, कपडे कसे होते, तू ओरडला का नाहीस, ही चौकशी शिक्षकांची नव्हे. मूल जे शब्द वापरेल ते तसेच कागदावर उतरवून तारीख-वेळ घालायची. त्याला हीच गोष्ट वर्गशिक्षक, पर्यवेक्षक, मुख्याध्यापक, विश्वस्त अशा पाच जणांसमोर पाच वेळा सांगायला लावणं ही त्याच्यावर झालेली दुसरी इजा आहे. कायद्याने पोलिसांवरही इथे बंधनं घातलेली आहेत. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. हे पालकांना माहीत नसतं. त्यांच्या डोळ्यांसमोर पोलीस ठाण्यातला बाक येतो आणि ते मागे फिरतात. शाळेने त्यांना हे आधी समजावलं तर कितीतरी तक्रारी वाटेत विरणार नाहीत.

बदलापूरला ऑगस्ट 2024 मध्ये जे झालं ते याच ठिकाणी झालं. शाळेत झालेल्या लैंगिक छळाबद्दल बालवर्गातल्या दोन चिमुरड्या मुलींनी घरी सांगितलं. एवढ्या लहान वयात, जमेल त्या शब्दांत, त्यांनी त्यांचं काम केलं. त्यापुढे सगळं मोठ्यांच्या हातात होतं. शाळेने पोलिसांना कळवलं नाही, आणि पालक स्वतः पोलीस ठाण्यात गेले तेव्हा गुन्हा नोंदवून घ्यायला कित्येक तास लागले. 20 ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शाळेच्या विश्वस्तांवरही, न कळवल्याबद्दल, गुन्हा दाखल झाला. 21 ऑगस्टच्या शासन निर्णयाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, समित्या यांची सक्ती आली. पडताळणीचा नियम मला फार मोलाचा वाटतो, विशेषतः कंत्राटदारामार्फत येणाऱ्या कामगारांसाठी. कॅमेरेही असावेत, पुराव्याला उपयोगी पडतात. पण बदलापूरच्या मुलींचं सांगणं कॅमेऱ्याअभावी अडलेलं नव्हतं. त्या बोलल्या होत्या. अडलं ते ऐकल्यावर हालचाल करण्यापाशी.

तक्रारपेटीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण ती आता दारोदार लटकलेली दिसते. ती बहुतेक मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी असते, आणि तिथेच कॅमेराही असतो. चिठ्ठी टाकणारा कोण हे पडद्यावर दिसणार, हे सातवीतल्या मुलालाही कळतं. पेटी जिन्याच्या वळणावर हवी, ग्रंथालयात हवी, मुलींच्या आणि मुलग्यांच्या दोन्ही बाजूंना हवी. ती एकट्या माणसाने उघडू नये. आणि आलेल्या चिठ्ठीवर काय केलं हे, नाव न घेता, मुलांना कळायला हवं. तिसऱ्या मजल्यावरचा नळ दुरुस्त झाला, व्हॅनमध्ये आता मदतनीस ताई असतील, एका सरांच्या बोलण्याबद्दल चिठ्ठी आली होती आणि त्यांच्याशी बोलणं झालं. नळाची चिठ्ठी क्षुल्लक समजू नये. मूल आधी नळाबद्दल लिहून बघतं, वर्गात चिडवण्याबद्दल बोलून बघतं, पाळीच्या दिवशी घरी जाऊ द्या म्हणून विचारून बघतं. त्याला कसं उत्तर मिळतं यावरून मोठी गोष्ट या लोकांना सांगायची की नाही हे ते ठरवतं. म्हणून सामूहिक कवायतीत नुसतं 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' शिकवून भागत नाही. ते शिकवायला पोलीस येतात, संस्था येतात, त्यांचं काम चांगलं आहे. पण वर्षाचे उरलेले दिवस त्या मुलाशी रोज बोलणारी माणसं वेगळी असतात.

आणि सांगून झाल्यावर? गुन्हा नोंदला, बातमी आली, नाव छापलं नाही, तरी आवारात सगळ्यांना कळतं. मग पुष्कळदा पालकांना कोणीतरी हलक्या आवाजात सुचवतं, की मुलीच्या भल्यासाठी शाळा बदला. शाळा सोडल्याचा दाखला भराभर तयार होतो, एरवी ज्यासाठी चार खेपा घालाव्या लागतात. दहावीच्या वर्षात मुलीचे सवंगडी, शिक्षक, रोजचा रस्ता, सगळं एकदम सुटतं. दाखला देण्याऐवजी शाळेने त्या मुलीची हजेरी, अभ्यास आणि बसायची जागा राखायला हवी, न्यायालयाच्या तारखांना गैरहजेरी लावू नये, आणि ज्याच्यावर आरोप आहे तो आवारात येणार नाही याची लेखी हमी पालकांना द्यावी. त्या वर्गात आणखी कोणाच्या तरी मनात एक अर्धं वाक्य अडकलेलं असू शकतं, आणि पहिलीने सांगितलं त्याचं पुढे काय झालं हे ते मूल रोज पाहत असतं.