हद्द नावाचं फीचर

अभय योजना जाहीर झाली की करदात्यांना हायसं वाटतं आणि महापालिकांसाठी काम करणाऱ्या आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या पोटात गोळा येतो. थकलेल्या मालमत्ता करावर महिन्याला २ टक्के शास्ती चढत असते. योजनेच्या मुदतीत थकबाकी भरली तर त्या शास्तीत घसघशीत सूट. ऐकायला सोपं आहे. पण ही सूट एका जागी गप्प बसत नाही. ती बिलात उतरते, पावतीवर येते, लेखा विभागाच्या खात्यात शिरते आणि थकबाकी नसल्याच्या दाखल्यापर्यंत पोचते. त्या दाखल्यावर कुणाच्या तरी घराचा नावबदल अडलेला असतो.

कुठलं फीचर कशावर अवलंबून आहे, हे पूर्वी एखाद्या जुन्या माणसाच्या डोक्यात असायचं. त्याने नोकरी बदलली की ते ज्ञानही त्याच्याबरोबर जायचं. आता वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात हे काम आधी एआयकडे जातं. कोड, जुनी कागदपत्रं आणि तक्रारींची नोंदवही त्याला वाचायला द्यायची आणि फीचर्समधल्या डिपेंडन्सीचा नकाशा मागायचा.

त्याने काढून दिलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. योजनेच्या शेवटच्या दिवशी कुणी चेकने पैसे भरले. पावती मिळाली, शास्ती माफ झाली. चार दिवसांनी चेक परत आला, तेव्हा योजना संपलेली. आता मूळ कर पुन्हा थकबाकीत जाणार हे उघड आहे. पण माफ झालेल्या शास्तीचं काय? चेक परतीचं फीचर अभय योजनेच्या कितीतरी आधी लिहिलेलं होतं. त्याला फक्त पावतीची रक्कम उलटवणं ठाऊक. माफीची नोंद वेगळी, त्यामुळे ती तशीच राहणार. म्हणजे पैसे न भरता शास्ती माफ! ही दोन्ही फीचर्स एकमेकांना ओळखत नाहीत, पण एकाच टेबलात लिहितात, हे एआयने दाखवून दिलं. कसाऱ्याच्या आणि कर्जतच्या लोकलचा एकमेकींशी संबंध नसतो, पण कल्याणपासून पुढे मुंबईकडे एकीचा खोळंबा दुसरीला भोगावा लागतो, तसंच हे. एवढा कोड इतक्या चिकाटीने वाचणं आमच्यापैकी कुणाला जमलं नसतं, हे मान्य करायला हवं.

उलट बाजूही आहे. जन्म नोंदणी आणि विवाह नोंदणी यांच्यात त्याने ठसठशीत बाण काढला होता, का तर दोन्हीकडे ‘नोंदणी’. असे बाण साठले की सगळंच सगळ्यावर अवलंबून दिसायला लागतं आणि तो नकाशा कुणाच्याच कामाचा राहत नाही. म्हणून आता नियम केलाय: प्रत्येक बाणाला कोडमधली जागा दाखवायची आणि ‘हे आधी लागतं’, ‘हे बदललं तर ते मोडेल’ किंवा ‘दोघांचं टेबल एक’ यांपैकी काय ते लिहायचं. निम्मा पसारा तिथेच आवरतो.

खरी अडचण मात्र चुकीच्या बाणांची नाही. जे बदलूच शकत नाही असं आपण धरून चालतो, त्याचा बाण निघतच नाही. महापालिकेची हद्द घ्या. कोडमध्ये ती एक ठरलेली यादी असते. प्रभाग, गावं, बस्स. ती कुणी फीचर म्हणून लिहीत नाही, त्यामुळे एआयलाही ती दिसत नाही. पण हद्दही बदलते, हे डोंबिवलीत राहणाऱ्याला सांगायला नको. कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ साली स्थापन झाली, तेव्हा २७ गावं तिच्यात आली. २००२ मध्ये ती बाहेर पडली. २०१५ मध्ये पुन्हा आत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ वगळण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

ही तीच महापालिका, जिची संगणकीकृत नागरी सुविधा केंद्रं राज्यातल्या इतर पालिकांपुढे नमुना म्हणून ठेवली गेली. अशा ठिकाणी गाव आत येतं तेव्हा नुसता नकाशा बदलत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधली, म्हणजे तिच्या कर आकारणी नोंदवहीतली घरं आणि त्यांचे जुने घर क्रमांक महापालिकेच्या कर आकारणीत बसवावे लागतात. पाणी एमआयडीसीचं, बिल कुणी द्यायचं हा प्रश्न वेगळाच. मधल्या तेरा वर्षांतल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या दप्तरात. आणि प्रभाग बदलले की तक्रार कुठल्या अभियंत्याकडे जाते, तेही बदलतं.

यातलं काहीच कोडमध्ये ‘हद्द’ या नावाखाली नसतं. कर निरीक्षकाला मात्र विचारा, तो चहा संपायच्या आत सगळं सांगेल. म्हणून आमच्याकडे आता क्रम उलटा केलाय. नकाशा मागण्याआधी, ‘कधीच बदलत नाहीत’ अशा गोष्टींची यादी खात्यातल्या माणसांबरोबर बसून करायची आणि ती एआयला फीचर्स म्हणूनच द्यायची. हद्द, आर्थिक वर्ष, सहामाही बिल, शास्तीचा दर. पहिल्यांदा असं केलं तेव्हा एकट्या हद्दीला इतके बाण लागले की अभय योजना दुसऱ्या क्रमांकावर गेली.