पिशवी फोडली ती वेळ

चि. बाळ्यास,


जूचंद्रला गाळा घेतलास, बोर्डावर चिप ठेवणारं पिक-अँड-प्लेस मशीन आणि सोल्डर वितळवणारा रिफ्लो ओव्हन बसवलास, हे वहिनीने फोनवर सांगितलं. गावातल्या मुली कामाला घेतल्यास हे फार बरं केलंस. रांगोळीसाठी नावाजलेलं गाव ते, बारीक कामाला हात बसलेले असतात तिथे. माझी नोकरी अंधेरीच्या सीप्झमध्ये स्टोअरला गेली, म्हणून मशीनबद्दल मी काही सांगत नाही. स्टोअरबद्दल सांगते, कारण पावसाळा तोंडावर आलाय.

आयसी चंदेरी पिशवीत येतात, त्या पिशवीवरचं लेबल वाचायची सवय मुलींना आधी लाव. ओलाव्याची लेव्हल ३ लिहिली असेल तर पिशवी फोडल्यापासून १६८ तासांत तो माल ओव्हनमधून निघाला पाहिजे. लेव्हल ४ ला ७२ तास. आयसीचं काळं प्लास्टिक हवेतली वाफ हळूहळू शोषत असतं. शिसं नसलेल्या सोल्डरला ओव्हन २४० ते २५० अंशांपर्यंत जातो. तिथे आतल्या पाण्याची एका झटक्यात वाफ होते आणि प्लास्टिक आतल्या आत सुटतं. कधी टच्च आवाज येतो, पोट फुगलेलं दिसतं. तसं झालं तर नशीब समज, निदान कळलं तरी! बहुतेक वेळा बाहेरून काहीच दिसत नाही. बोर्ड टेस्टिंगला पास होतो, गिऱ्हाइकाकडे जातो आणि काही महिन्यांनी बंद पडून परत येतो. मग सगळे सोल्डरिंगला नावं ठेवतात.

आता तुझ्या गाळ्याचं. ते १६८ तास धरलेत ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेसाठी. वसईच्या खाडीकाठी जुलैत ६० टक्के कुठून आणणार? दिवसा एसी चालू असतो तेव्हा आर्द्रतेचा मीटर ५५ दाखवतो आणि आपण निश्चिंत होतो. रात्री बिल वाचवायला एसी बंद, शटर खाली, आणि पहाटेपर्यंत आकडा ८० च्या वर. मशीनवर लावून ठेवलेला आयसींचा रील रात्रभर ती हवा पीत बसतो. कागदावर तास शिल्लक दिसतात, प्रत्यक्षात माल कधीच ओला झालेला असतो. म्हणून संध्याकाळी उरलेले रील उतरवून ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवलेच पाहिजेत, ५ टक्के आर्द्रतेच्या खाली. कंटाळा येतो, मला माहीत आहे. पिशवी परत सील केली म्हणून मोजणी पुन्हा शून्यावरून सुरू होत नाही, हेही मुलींना सांग. पिशवी फोडली की तारीख आणि वेळ मार्करने पिशवीवरच लिहायची. वहीत नको, वही हरवते.

पिशवीतलं आर्द्रता दाखवणारं ठिपक्यांचं कार्ड फोडल्याफोडल्या बघायचं, चहा पिऊन आल्यावर नाही. ५ टक्क्यांचा ठिपका गुलाबी झाला असेल आणि १० चाही निळा उरला नसेल, तर लेव्हल ३ चा माल आधी भाजायचा, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून वाळवायचा. आयसी ट्रेमध्ये आल्या असतील, तर त्या ट्रेवर १२५ अंश चालतात असं छापलेलं असेल तरच तितकं तापवायचं. प्लास्टिकचा रील त्या तापमानाला वाकडा होतो. तो ४० अंशांवर, कोरड्या हवेत, कितीतरी दिवस ठेवावा लागतो. शिवाय फार भाजलं की आयसीच्या पायांवर ऑक्साइड चढतो आणि सोल्डर धरत नाही. म्हणून भाजण्याची पाळी येऊ न देणंच स्वस्त.

सोल्डर पेस्टचा डबा फ्रिजमधून काढल्याबरोबर उघडू नका. तीन-चार तास बंदच राहू दे, नाहीतर थंड पेस्टवर दव धरतं.

तुझा मीटर खरा आहे का, हे तपासायचा एक उपाय आहे. बाटलीच्या झाकणात पाकिटातलं मीठ घे, दोन-चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं कर आणि मीटरसोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेव. सकाळी ७५ च्या आसपास दाखवायला हवा. फार फरक असेल तर मीटर बदल. नायगावकडच्या मिठागरातलं खडेमीठ मात्र वापरू नकोस. त्यात मॅग्नेशियम असतं, ते ३३ टक्क्यांनाच पाणी धरू लागतं आणि आकडा चुकतो. तेच मीठ वाऱ्याबरोबर बोर्डावर बसलं तर गंज निश्चित, म्हणून खाडीकडच्या खिडक्या बंदच ठेव.

हवा फार सुकवू नकोस हं. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की अंगातली स्टॅटिक चिप मारते, मनगटी पट्टा घातलेला असला तरी जपून. कोरडेपणा कॅबिनेटमध्ये हवा, माणसं बसतात त्या खोलीत नको.

पहिल्या पावसानंतर एके सकाळी शटर उघडल्या उघडल्या, एसी लावायच्या आधी मीटर बघ आणि आकडा मला व्हॉट्सॲपवर पाठव. मग कॅबिनेट केवढं घ्यायचं ते ठरवू.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या