सही करण्याआधी

बेळगाव

चि. सुनीतास,


तुझं पत्र मिळालं. परदेशातली दोन फाउंडेशनं मिळून निपाणीच्या विडी कामगारांच्या मुलींसाठी पैसा देणार, बेंगळुरूची मोठी संस्था तो घेणार आणि त्यातला हिस्सा तुमच्याकडे येणार, हे वाचून बरं वाटलं. शाळेतून आल्या आल्या आईशेजारी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायला बसणारी मुलगी दहावीपर्यंत टिकावी, म्हणून तुम्ही किती झटता हे मला ठाऊक आहे. पैसा मिळत असेल तर जरूर घ्या. पण सही करण्याआधी माझं थोडं ऐक.

परदेशी पैशाकडे आपल्याकडे एक तर भाबडेपणानं बघतात, नाही तर संशयानं. तू तसं करू नकोस. आपल्या बेळगावचंच उदाहरण घे. 2001 साली अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी मिळून महिला व बालआरोग्याच्या संशोधनासाठी अनेक देशांतल्या संस्थांचं जाळं उभं केलं. आपलं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज त्यात होतं. बाळंतपणानंतर रक्त जाऊन बाई दगावते, ते खेड्यातल्या खेड्यात रोखता येईल का, हा प्रश्न होता. 2002 ते 2005 या काळात जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत 1620 बाळंतिणींवर अभ्यास झाला. बाळंतपणं नर्सबाईंनी केली, रक्तस्राव रोखणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी त्यांनीच दिली आणि किती रक्त गेलं तेही त्यांनीच मोजलं. मोजायला प्लास्टिकचं एक साधं आच्छादन होतं. ते बाळंतिणीखाली अंथरायचं. त्याचं टोक निमुळतं होत पिशवीसारखं खाली लोंबायचं आणि पिशवीवर मापाच्या रेघा असायच्या. ‘लुगडं भिजलं, म्हणजे बरंच गेलं असेल’ असला अंदाज सांगायची वेळच राहिली नाही. नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्या 12 टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, खरी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण 6.4 टक्के होतं. 2006 साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या मोठ्या अभ्यासातही अशीच रेघा आखलेली पिशवी वापरली गेली. पैसा बाहेरचा होता, पण काम इथल्या नर्सबाईच्या हातात होतं, म्हणून ते जगाच्या उपयोगी पडलं असं मी मानते.

आता दुसरी बाजू. सांगलीची ‘संग्राम’ संस्था आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद तुला माहीत आहेतच, निपाणीतही त्यांचं काम आहे. अमेरिकन सरकारच्या मदतीला एक अट होती: वेश्याव्यवसायाला आमचा विरोध आहे, असं लिहून द्यायचं. वेश्याव्यवसायातल्या ज्या बायकांच्या बळावर संस्था उभी, त्यांच्याच विरोधात सही कशी करायची? 2005 साली ‘संग्राम’नं तो पैसा नाकारला आणि काम चालू ठेवलं. निपाणीत प्रा. सुभाष जोशींनी तंबाखूच्या वखारीतल्या बायकांची संघटना बांधली, तीसुद्धा कुणा परदेशी देणगीदाराची वाट बघत नव्हे. हे विसरू नकोस.

आणि परदेशी देणग्यांचा कायदा नीट बघ. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेतलेल्या संस्थेला ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे ‘हिस्सा तुमच्याकडे येणार’ ही गोष्ट मुळातच बसत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 20 टक्क्यांवर आली आहे. लहान संस्थांची यात फार कोंडी झाली आहे, हे मला मनापासून लागतं. पण पळवाट शोधू नकोस, उद्या निस्तरावं तुम्हालाच लागेल. एक तर बेंगळुरूच्या संस्थेनं निपाणीत स्वतः काम चालवावं आणि तुमच्या कार्यकर्त्या मुलींना पगारावर घ्यावं, नाही तर तुम्ही स्वतःच्या नोंदणीसाठी अर्ज करा. चांगल्या सनदी लेखापालाला आधी भेट.

त्यांना एवढं नक्की विचार: पैसा तीन वर्षांनी थांबला तर शिकवणीचा वर्ग कोण चालवणार? मुलगी शाळेत टिकली हे कोण मोजणार, बेंगळुरूहून येणारा माणूस की गल्लीतली तिची आई?

विड्या जमा करून बायका घरी परतल्या की एका संध्याकाळी बैठक लाव. कराराचा मसुदा मराठीत आणि कन्नडात मोठ्यानं वाचून दाखव, पैशाच्या आकड्यांसकट. त्या नको म्हणाल्या तर सही करू नकोस.

तुझी,
मावशी